दोन रुपयांसाठी कोण भांडणार?

मोबाइलचा 'महिन्याचा' रिचार्ज अठ्ठाविसाव्या दिवशी संपतो, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही खटकण्यासारखे आहे हेच आपण विसरून गेलो आहोत. पगार महिन्याचा, घरभाडे महिन्याचे, सोसायटीचा मेंटेनन्स महिन्याचा, दूधवाल्याचा हिशेबही महिन्याचा. फक्त फोन कंपनीचा महिना चार आठवड्यांचा. अठ्ठावीसला तेराने गुणले की ३६४ होतात, म्हणजे बारा महिन्यांच्या वर्षात आपण तेरा रिचार्ज करतो. याबद्दल तक्रारी झाल्या तेव्हा दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला की प्रत्येक कंपनीने किमान एक प्लॅन तीस दिवसांचा आणि किमान एक प्लॅन दर महिन्याच्या त्याच तारखेला पुन्हा भरता येईल असा ठेवावा. कंपन्यांनी तो आदेश शब्दशः पाळला. तसे प्लॅन यादीत आले आणि बहुतेक लोकप्रिय प्लॅन मात्र २८, ५६ आणि ८४ दिवसांचेच राहिले. कोणताही नियम मोडला गेला नाही, कोणाचीही फसवणूक झाली नाही, आणि तेरावा रिचार्ज चालूच राहिला.

मोठ्या कंपन्यांविषयी माझ्या मनात जो अविश्वास साचत गेला आहे, तो अशा गोष्टींतून साचला आहे. कंपन्या म्हणजे चोरांच्या टोळ्या आहेत असे मला वाटत नाही. त्यांच्या वस्तू मी रोज वापरते आणि त्यांतल्या बऱ्याचशा चांगल्याही असतात. परंतु आपले नुकसान नेमके किती असावे, याचा अंदाज त्यांना आपल्यापेक्षा चांगला आहे असे मला दिवसेंदिवस वाटू लागले आहे. ते इतके लहान असते की त्याबद्दल भांडायला जाणे हाच मोठा तोटा ठरावा. दोन रुपयांसाठी कोण भांडणार, हा प्रश्न आपण एकमेकांना हसत हसत विचारतो. त्या प्रश्नाचे उत्तर गृहीत धरूनच बऱ्याच गोष्टींची किंमत ठरते.

घरपोच जेवण मागवण्याच्या ॲपवर जो 'प्लॅटफॉर्म फी' नावाचा आकार लागतो, त्याचेच पाहा. स्विगीने आणि पाठोपाठ झोमॅटोने २०२३ मध्ये तो लावायला सुरुवात केली तेव्हा तो दर ऑर्डरमागे दोन रुपये होता. जेवणाचे पैसे वेगळे, ते आणून देण्याचे वेगळे, हॉटेलच्या पॅकिंगचे वेगळे, मग हे दोन रुपये नेमके कशाचे, असा प्रश्न तेव्हाही पडायला हवा होता. पण चारशे रुपयांच्या बिलात दोन रुपये पाहून कोण थांबतो? पुढच्या दोन वर्षांत तोच आकार पायरीपायरीने वर गेला आणि दहा रुपये ओलांडूनही पुढे सरकला. एकदम दहा लावले असते तर लोकांनी आरडाओरडा केला असता. दोनाचे तीन, तिनाचे चार, चाराचे पाच होताना कोणाच्या लक्षातही आले नाही, आणि लक्षात आले तरी बोलण्याइतकी ती रक्कम कधीच नव्हती. ऑर्डर देणाऱ्याला ती किरकोळ वाटते; रोज लाखो ऑर्डरी घेणाऱ्याला ती तशी वाटण्याचे कारण नाही.

खाण्याच्या पाकिटांचा हिशेब याहून बारकाईने पाहण्यासारखा आहे. आमच्याकडे बिस्किटांसाठी स्टीलचा एक जुना उभा डबा आहे. एका पुड्यातली बिस्किटे त्यात लावली की डबा काठोकाठ भरत असे. आज त्याच कंपनीचा, त्याच रंगाचा आणि जवळजवळ त्याच आकाराचा पुडा उघडून बिस्किटे डब्यात लावली तर वर तीन बोटे जागा उरते. पुड्याची किंमत फारशी वाढलेली नाही, आणि यंदाही दर वाढवला नाही म्हणून आपण मनातल्या मनात समाधान मानलेले असते.

यात कंपनीची बाजू नाही असे नव्हे. गव्हाचे, साखरेचे, पामतेलाचे भाव चढतात. पाच आणि दहा रुपयांच्या पाकिटांची किंमत साडेपाच किंवा साडेदहा करणे व्यवहारात अवघड असते, कारण दुकानदाराकडे सुटे नसतात आणि मुलाच्या हातात पाचाचे एकच नाणे असते. तेव्हा किंमत तीच ठेवून वजन कमी करणे हा कंपनीला सोपा मार्ग वाटतो आणि तो बेकायदाही नाही. पूर्वी वेष्टित वस्तूंच्या नियमांत बिस्किटे, चहा, साबण, खाद्यतेल अशा काही नेहमीच्या वस्तूंसाठी ठरावीक वजनांची अनुसूची होती. २०११ च्या नियमांतली ही अनुसूची २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने काढून टाकली. आता पाकीट कितीही ग्रॅमचे असू शकते, फक्त ते वजन छापलेले हवे. एखाद्या दुकानात सहज पाकिटे उलटून पाहिली तर ३३ ग्रॅम, ४२ ग्रॅम, ६८ ग्रॅम अशी वजने सापडतील. अशा आकड्यांची तोंडी तुलना करणे भल्याभल्यांना जमत नाही, आणि किराण्याच्या रांगेत उभे राहून तर मुळीच नाही.

अनुसूची काढताना सरकारने ग्राहकाला त्या बदल्यात एक गोष्ट दिली. पाकिटावर एकूण किमतीबरोबर एकक किंमत, म्हणजे एका ग्रॅमला किंवा किलोला पडणारा भावही छापणे बंधनकारक झाले. कल्पना उत्तम होती. अंमलबजावणीत तिचा जीव गेला. नियम असा आहे की पाकीट एक किलोपेक्षा कमी वजनाचे असेल तर किंमत प्रति ग्रॅम छापायची आणि तीही दोन दशांश स्थळांपर्यंत. त्यामुळे दहा रुपयांच्या ३६ ग्रॅम पाकिटावर '०.२८ रुपये प्रति ग्रॅम' असे येते. आपण भाजी, डाळ, साखर, मिठाई सगळे किलोच्या भावात मोजतो. त्या पाकिटातली वस्तू २७८ रुपये किलोने पडते असे लिहिले असते, तर ते पाकीट हातात घेणाऱ्या प्रत्येकाला पुढचे काही सांगावे लागले नसते. ०.२८ हा आकडा मात्र डोळ्यांसमोरून जातो आणि मनात काहीच उमटत नाही. शिवाय रुपयाच्या दोन दशांश स्थळांचा अर्थ किलोमागे दहा रुपयांची एक पायरी असा होतो. म्हणजे किलोमागे पाच-सात रुपयांची वाढ झाली तर ती या आकड्यात दिसेलच असे नाही. हा आकडा कुठे छापलेला असतो तेही पाहावे: पाकिटाच्या शिवणीजवळ, बॅच क्रमांक आणि तारखेच्या गर्दीत, पुसट काळ्या ठिपक्यांत. माझ्या चष्म्याचा नंबर बदलला तेव्हा मला तो पहिल्यांदा नीट वाचता आला.

आता छापलेले वजन तरी पुरते मिळते का? तिथेही नियमाने काही सूट ठेवलेली आहे. यंत्राने पाकिटे भरताना थोडा फरक पडणारच, म्हणून पन्नास ग्रॅमपर्यंतच्या पाकिटात नऊ टक्के आणि पन्नास ते शंभर ग्रॅमच्या पाकिटात साडेचार ग्रॅम इतकी तूट एखाद्या पाकिटात चालू शकते. सगळ्या पाकिटांची सरासरी मात्र छापलेल्या वजनाइतकी भरली पाहिजे, अशी त्यामागची अट आहे. ही अट न्याय्य आहे. पण ती तपासणार कोण? वैधमापन शास्त्र विभागाचा निरीक्षक कारखान्यात किंवा गोदामात जाऊन नमुने काढू शकतो. आपण घरात दोन पाकिटे काट्यावर ठेवून सरासरी सिद्ध करू शकत नाही.

तमिळनाडूतील तिरुवल्लूरच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे आलेले एक प्रकरण मला या सगळ्याचा अर्क वाटते. आयटीसी कंपनीच्या मारी बिस्किटांच्या पुड्यावर १६ बिस्किटे असल्याचे छापले होते आणि आत १५ निघाली. चेन्नईच्या एका ग्राहकाने तक्रार केली. कंपनीचे म्हणणे असे की बिस्किटे आम्ही नगावर नव्हे, वजनावर विकतो, आणि वजनात साडेचार ग्रॅमपर्यंतची तूट नियमात बसते. आयोगाने ते मान्य केले नाही आणि २०२३ मध्ये ग्राहकाला एक लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. बातमी देशभर छापून आली आणि लोकांनी ती गंमत म्हणून वाचली: एका बिस्किटासाठी एक लाख! मला त्यात गंमत दिसली नाही. एका बिस्किटाची किंमत रुपयाहूनही कमी होती. त्या ग्राहकाने आपल्या तक्रारीत हिशेब मांडला होता तो रोज तयार होणाऱ्या लाखो पुड्यांचा. न्याय मिळाला तो त्या एका ग्राहकाला. बाकीच्या पुड्यांतले सोळावे बिस्किट कोणालाही मिळाले नाही, कारण ते मागायला दुसरे कोणी गेलेच नव्हते.

वस्तूंच्या बाबतीत निदान काटा हाताशी असतो. सेवेच्या बाबतीत तोही नसतो. आमच्या स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करणारे एक यंत्र आहे. कंपनीचे नाव घेण्याची गरज नाही, कारण ज्यांच्या घरी दुसऱ्या कंपन्यांची यंत्रे आहेत त्यांचे अनुभवही यापेक्षा फारसे वेगळे नाहीत. मे महिन्यात आम्ही सगळे गावी गेलो होतो आणि यंत्र बंद होते. परत आल्यावर सुरू केले तर फिल्टर बदलण्याचा लाल दिवा लागलेला. पाणी गेलेच नाही तर फिल्टर खराब कसा झाला, हा माझा प्रश्न तक्रार नोंदवणाऱ्या मुलीला कळला नाही, कारण तिच्या समोरच्या पडद्यावर त्यासाठी बटण नव्हते. दोन दिवसांनी कंपनीचा कारागीर आला. पंचविशीतला, हसतमुख, पाठीवर भलीमोठी बॅग.

"मॅडम, हा दिवा पाण्यावर नाही चालत, दिवसांवर चालतो," त्याने झाकण काढता काढता सांगितले. "आत टायमर आहे. दिवस भरले की लागणारच."

"म्हणजे फिल्टर चांगला असला तरी?"

"चांगला आहे की नाही ते मशीनला कुठे कळतं? आणि बदलल्याशिवाय रीसेट करायची आम्हाला परमिशन नाही."

आमचा वार्षिक देखभालीचा करार, ज्याला सगळे एएमसी म्हणतात, तो चालूच होता, त्यामुळे फिल्टरचे पैसे लागणार नव्हते. मात्र त्याने पाण्याची तपासणी करून सांगितले की आतला मेंब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा बारीक पडदाही, बदलावा लागेल आणि मेंब्रेन आमच्या एएमसीत येत नाही. त्याच्या वरच्या, महागड्या एएमसीत येतो. करार घेताना फोनवर 'सगळे कव्हर होते' असे सांगितले गेले होते. 'सगळे' म्हणजे काय, ते नंतर ईमेलने आलेल्या कागदाच्या चौथ्या पानावर बारीक अक्षरांत दिलेले होते. मी मेंब्रेन बदलायला नकार दिला. त्यावर तो अजिबात रागावला नाही. उलट त्याला ते समजल्यासारखे दिसले. मग त्याने खिशातून मोबाइल काढला.

"एक ओटीपी आला असेल मॅडम, तेवढा सांगा. कॉल क्लोज करायचाय."

काम तर पुरे झालेच नव्हते. लाल दिवा गेला होता, पण जुन्या मेंब्रेनच्या नावाने यंत्र आता दर तासाला टुंई टुंई वाजत होते. मी तसे म्हटले. तो म्हणाला की तक्रार आज बंद झाली नाही तर दिवसाच्या टार्गेटमध्ये त्याची भेट धरली जात नाही. नवी तक्रार मी उद्या टाकावी, तो स्वतः येईल. आणि जाताना, चपला घालता घालता, अगदी अजिजीने: "फीडबॅकचा मेसेज येईल. पाचच्या पाच द्या हां मॅडम. चार दिले तरी आमचे पैसे कापतात."

मी ओटीपी सांगितला आणि पाच तारेही दिले. त्या मुलाचे पैसे कापले जावेत असे मला वाटत नव्हते. कंपनीच्या संगणकात आता अशी नोंद आहे की या ग्राहकाची तक्रार एका भेटीत सुटली आणि ग्राहक अत्यंत समाधानी आहे. वर्षाअखेर कोणी तरी या नोंदींची बेरीज करून एक तक्ता दाखवील आणि त्यात आमचे घरही असेल. मला या सगळ्या व्यवस्थेत सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट हीच आहे. टायमर बसवण्याचा निर्णय ज्यांनी घेतला, मेंब्रेन करारातून ज्यांनी वगळला, त्यांना तारे देण्याची सोय कुठेच नाही. माझा राग ज्याच्यापर्यंत पोहोचू शकतो तो एकच माणूस आहे, आणि त्याच्या पगारातून तो वसूल होणार आहे, हे मला आधीच सांगून ठेवलेले असते. अशा स्थितीत भला माणूस काय करील? गप्प बसेल. त्याच्या गप्प बसण्याची नोंद समाधान म्हणून होते.

जुने दिवस फार प्रामाणिक होते असे मी म्हणणार नाही. वाण्याचा काटा झुकत असे, रेशनच्या तांदळात खडे निघत, रॉकेलच्या मापाला पोचे असत. माझ्या सासूबाई दुकानात उभ्या राहून "अहो, काटा नीट धरा की, तो अजून हलतोय" असे खणखणीत आवाजात सांगत, आणि दुकानात असलेल्या इतर चार बायका लगेच त्या काट्याकडे पाहू लागत. दुकानदार हसून मूठभर तूरडाळ वर टाकी. त्याला दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत त्याच बायकांना तोंड दाखवायचे असे. नुकसान तेव्हाही दोन-चार आण्यांचे असे, पण ते मागण्याचा खर्च शून्य होता आणि ते चारचौघांत मागता येत होते. आता 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे वाक्य ऐकत आपण एकेकटे कानाला फोन लावून बसतो आणि आपल्यासारखे आणखी किती जण त्याच रांगेत आहेत, हे फक्त कंपनीला ठाऊक असते.

कायदा नाही, अशी तक्रार मात्र आपल्याला करता येणार नाही. ग्राहक संरक्षण कायद्याला २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि म्हणूनच तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि जुलै २०२० पासून तो लागू झाला. त्यातल्या तरतुदी ग्राहकाच्या खऱ्याखुऱ्या उपयोगाच्या आहेत. तक्रार आता आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीचे कार्यालय कुठे का असेना. वस्तूसाठी किंवा सेवेसाठी दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर शुल्क लागत नाही. वकील नसला तरी चालतो. अर्ज घरबसल्या ऑनलाइन भरता येतो. ज्या प्रकरणात प्रयोगशाळेत तपासणी लागत नाही ते तीन महिन्यांत आणि जिथे लागते ते पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असेही कायद्यात लिहिले आहे.

प्रत्यक्षात तारखा पडत जातात. केरळमधल्या त्रिशूरच्या एका ग्राहकाने २०१९ च्या अखेरीस ब्रिटानियाचे ३०० ग्रॅम लिहिलेले पुडे घेतले आणि त्यांत बरेच कमी वजन भरल्याची तक्रार केली; जिल्हा आयोगाचा निकाल त्याच्या बाजूने लागला तो २०२४ मध्ये. बिस्किटाच्या पुड्यासाठी चार वर्षांहून अधिक काळ कागद सांभाळणारा माणूस विरळा असतो. चंडीगडमध्ये २०१९ साली एकाने ३९९ रुपयांचे बूट घेतले आणि बाटाच्या दुकानाने कागदी पिशवीचे तीन रुपये वेगळे लावले म्हणून तो आयोगात गेला. पिशवीवर कंपनीचीच जाहिरात छापलेली होती. पर्यावरणाच्या हितासाठी पैसे लावतो, हा कंपनीचा युक्तिवाद आयोगाने फेटाळला आणि कंपनीला एकूण नऊ हजार रुपयांचा भुर्दंड बसला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका कंपनीच्या प्रकरणात राष्ट्रीय आयोगानेही ठरवले की ग्राहकाला आधी ठळकपणे न सांगता गल्ल्यावर पिशवीचे पैसे लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्याचा परिणाम आपण रोज पाहतो: आता गल्ल्यावरची मुलगी आधी विचारते, "बॅग हवी आहे का? दहा रुपये."

हे वाचून कोणी म्हणेल की मग आपणही प्रत्येकाने तक्रार करावी. हा सल्ला मला अपुरा वाटतो, आणि थोडासा अन्यायकारकही. दोन रुपयांसाठी लढण्याची जबाबदारी दोन रुपये गमावलेल्या माणसावर टाकली की कंपनीचा हिशेब बरोबरच येतो. हजारातून एखादा लढतो, त्याला भरपाई मिळते, आणि उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांचे पैसे जागच्या जागी राहतात. लहान नुकसानीला उत्तर एकगठ्ठाच द्यावे लागते. महाराष्ट्राला हे नवे नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले आणि १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायतीचा आरंभ झाला. तिथे भाषणांपेक्षा महिन्याचे वाटप महत्त्वाचे होते. शेजारपाजारची काही कुटुंबे मिळून एक संघ करायचा, सगळ्यांच्या मागणीची यादी द्यायची, पंचायतीने घाऊक दराने माल घ्यायचा, तो संघातल्या एका घरी उतरायचा आणि सभासदांनी आपापसांत वाटून घ्यायचा. माझ्या सासूबाई अशा एका संघात होत्या. वाटपाच्या दिवशी चटईवर तेलाचे डबे आणि डाळींच्या पिशव्या मांडलेल्या असत आणि एखादी पिशवी हलकी वाटली तर ती एकटीची तक्रार राहत नसे, कारण इतरांच्या पिशव्याही तिथेच असत.

कायद्यातही याचे बीज आहे. एकाच प्रकारे नुकसान झालेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एखाद्याला किंवा काहींना आयोगाच्या परवानगीने एकत्रित तक्रार करता येते. तिचा उपयोग आजवर जास्त करून घरांचा ताबा रखडवणाऱ्या बिल्डरांविरुद्ध झाला, आणि ते समजण्यासारखे आहे, कारण तिथे प्रत्येकाचे लाखो रुपये अडकलेले असतात. बिस्किटासाठी किंवा प्लॅटफॉर्म फीसाठी कोणी शेकडो लोक गोळा करणार नाही. म्हणून २०१९ च्या कायद्याने निर्माण केलेले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण मला जास्त आशेचे वाटते. त्याला कोणा एका ग्राहकाने वकिली करत बसण्याची गरज नाही; सगळ्या ग्राहकांच्या वतीने ते स्वतः चौकशी करू शकते. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने ओला या टॅक्सी मागवण्याच्या ॲपला सांगितले की परतावा फक्त पुढच्या प्रवासाच्या कुपनात देऊन भागणार नाही, तो बँकेत हवा की कुपनात हे ग्राहकाला निवडू द्या. ऑगस्ट २०२५ मध्ये रॅपिडो या तशाच दुसऱ्या कंपनीला दहा लाखांचा दंड झाला. पाच मिनिटांत रिक्षा आली नाही तर पन्नास रुपये मिळवा, अशी तिची जाहिरात दीड वर्षाच्या आसपास शंभराहून अधिक शहरांत चालली होती. ते पन्नास रुपये प्रत्यक्षात 'पन्नासपर्यंत' कॉइन होते. ते फक्त दुचाकीच्या प्रवासासाठी वापरता येत आणि तेही सात दिवसांत.

दहा लाख ही रक्कम कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या पहिल्या गुन्ह्यासाठीची कमाल मर्यादा आहे; पुन्हा तोच गुन्हा केला तर ती पन्नास लाखांपर्यंत जाते. शंभर शहरांत दीड वर्ष जाहिरात करण्याच्या खर्चापुढे ही मर्यादा किती टिकेल, याचा विचार ज्याने त्याने करावा. त्या आदेशातला मला आवडलेला भाग दंडाचा नाहीच. ज्या ज्या ग्राहकाला कबूल केलेले पन्नास रुपये मिळाले नाहीत त्याला ते विनाअट परत करा, असे प्राधिकरणाने सांगितले. कोणत्या ग्राहकाची रिक्षा किती वाजता आली याची नोंद कंपनीकडे असतेच. घेताना जो संगणक एक रुपया चुकत नाही, त्याला परत देताना अर्ज, पावती आणि ओटीपी कशाला हवा? तक्रारीची वाट न पाहता सगळ्यांचे सगळे परत करा, हा आदेश जर नियम बनला, तर लहान रकमांचा तो जुना हिशेब पहिल्यांदा उलटा फिरेल.

पाकिटांच्या बाबतीत तर खर्च आणखी कमी आहे. फ्रान्समध्ये १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांवर असे बंधन आहे की एखाद्या वस्तूचे वजन कमी होऊन तिचा एककाचा भाव वाढला असेल, तर तसे स्पष्टपणे लिहिलेली सूचना त्या वस्तूजवळ दोन महिने लावायची. आपल्याकडे बहुतेक खरेदी अजून वाण्याच्या दुकानातून होते, जिथे असा फलक लावायला जागाच नाही, म्हणून ही सूचना पाकिटावरच छापावी लागेल: पूर्वी इतके ग्रॅम, आता इतके. त्याखाली किलोचा भाव, किमतीइतक्याच मोठ्या अक्षरांत. 'वीस टक्के जादा' असे छापण्यासाठी कंपन्यांना पाकिटाच्या दर्शनी भागावर हवी तेवढी पिवळी पट्टी सापडते. वीस टक्के कमी झाल्यावरही त्या पट्टीची जागा तिथेच असते.